'धुरंधर' : ७८ वर्षांच्या बाबांना साडेतीन तास बसवावं का? (सल्ला हवा)

अंत्रुजकर
नमस्कार मंडळी. 'धुरंधर' ५ डिसेंबर २०२५ ला लागल्यापासून घरात रोज एकच विषय. बाबा ७८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. एका कानाने कमी ऐकू येतं आणि गुडघा कुरकुरतो, पण हेरकथा म्हटली की जेवायचं विसरतात. मुलगा अकरावीत, सोळा पूर्ण. दोघांनाही यायचंय. बायको म्हणते, तुम्ही तिघे जा, मला तेवढीच शांतता.

माझे प्रश्न : १) सिनेमा खरंच चांगला आहे की नुसताच आवाज? २) बाबांना झेपेल का? ३) मुलाला सोडतात का? ४) आम्ही फोंड्याहून येणार, तर कुठला खेळ बरा? कथा सांगू नका, मी अजून एकही परीक्षण वाचलेलं नाही.

म्हापशेकार
तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात माझे पैसे बुडालेत. मुलाला नेऊ नका. प्रमाणपत्र 'ए' आहे. यूए १६+ असतं तर तुमचा मुलगा नुसता चालत आत गेला असता. 'ए' म्हणजे अठराच्या खाली कुणीही नाही, बाप सोबत असला तरी नाही. माझा भाचा सतराचा, दाढीमिशी माझ्यापेक्षा दाट. दारावरच्या पोराने आधारकार्ड मागितलं, जन्मसाल बघितलं आणि हात आडवा केला. तिकीट ऑनलाइन काढलेलं, पैसे परत नाहीत. भाच्याला कोपऱ्यावरच्या गाड्यावर रॉस ऑम्लेट खायला घालून घरी सोडला, तो आजही माझ्याशी नीट बोलत नाही.

निशा, मडगाव
मी दोनदा बघितला, त्यामुळे थोडं सविस्तर.

लांबी २१४ मिनिटं. जाहिराती आणि मध्यंतर धरून चार तास घरातून गेलात असं समजा. एवढ्या वेळात आमच्याकडे जत्रेच्या नाटकाचे दोन अंक होतात आणि तिसऱ्याआधी देणग्या वाचून दाखवतात. पण मला कंटाळा आला नाही. दिग्दर्शक आदित्य धर, 'उरी'वाला. यात त्याला घाई नाही. सिनेमा प्रकरणांमध्ये वाटलाय, कादंबरीसारखा, आणि रणवीर सिंग पहिला बराच वेळ जवळजवळ गप्पच असतो. नुसता बघत असतो. कराचीतल्या ल्यारी वस्तीत एक परका माणूस मुरतोय, आधी चहाच्या टपरीवर, मग टोळीत, मग घरात. हे मुरणं मला सगळ्यात आवडलं. ल्यारी थायलंडमध्ये उभारली होती म्हणतात. गल्ल्यांमधल्या वायरी आणि भिंतींचे पोपडे बघून तसं वाटत नाही.

आणि अक्षय खन्ना. बाई गं. तो गाडीतून उतरतो, बहारीनच्या रॅपरचं ते अरबी गाणं सुरू होतं आणि हा माणूस खांदे किंचित हलवत चालत येतो. बस, एवढंच. माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

आता बाबांचं. हिंसा खूप आहे आणि ती अंगावर येते. अर्जुन रामपालच्या पात्राची ओळखच एका छळाच्या प्रसंगाने होते. मी दुसऱ्या वेळीही मान खाली घातली. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. २६/११ च्या वेळी हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार फोनवर जे बोलत होते, ते ऐकवतात. पडदा लाल. चित्र नाही. फक्त आवाज आणि अक्षरं. सगळं थिएटर पॉपकॉर्न चघळायचं थांबलं. बाबांना कमी ऐकू येत असेल तर अक्षरं वाचता येतील, पण त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

पर्वरीवाला
निशाताईंना अनुमोदन. खेळ सकाळचाच घ्या, साडेनऊ-दहाचा. दुपारच्या जेवणाला थोडा उशीर होईल, पण रात्रीचा घेतलात तर बाहेर पडेपर्यंत दीड वाजेल आणि त्या वेळी फोंड्याची बस फक्त स्वप्नात मिळते. पर्वरीच्या वाटेला जाऊच नका. उड्डाणपुलाचं काम, वर डिसेंबरचे पर्यटक. मी पुलापासून मॉलपर्यंत जितका वेळ घेतला तितक्यात हमझाने (म्हणजे सिनेमातल्या रणवीरने) कराची गाठली असती. तुम्ही बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर असे या आणि पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या थिएटरात जा, जिथे इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो तिथे. कडेची खुर्ची काढा, मधली नको. गुडघा लांब करता येतो आणि मध्येच उठावं लागलं तर बारा जणांचे पाय तुडवावे लागत नाहीत.

सांगेचा राम
अक्षय खन्नाचा रहमान डकैत खराच होता, माहीत आहे ना? ल्यारीतला गुंड. २००९ मध्ये पोलिसांच्या चकमकीत मेला. संजय दत्तचा चौधरी अस्लमही खरा अधिकारी, त्याला २०१४ मध्ये बॉम्बहल्ल्यात मारलं.

निशा, मडगाव
रामभाऊ! माणसाने पहिल्याच ओळींत लिहिलंय कथा सांगू नका म्हणून!

सांगेचा राम
हा इतिहास आहे हो ताई. उद्या शिवाजी महाराजांच्या सिनेमाला गेलात तर अफझलखान मरतो हेही सांगायचं नाही का?

दर्यावर्दी
मी विरुद्ध मत देतो, रागावू नका.

सिनेमा तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण हेर म्हणजे कोण? ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही तो. आमच्या सिनेमातला हेर दर वीस मिनिटांनी कुणाचं तरी डोकं फोडतो. खऱ्या हेराने एकदा जरी असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं काम संपलं. निशा म्हणतात ते मुरणं मलाही आवडलं, पण दुसऱ्या अर्ध्यात त्याचं काय झालं? शिवाय खरी ध्वनिफीत, खरी दृश्यं आणि कल्पित कथा एकाच कढईत परतली की प्रेक्षकाला कुठलं काय ते कळत नाही. मुद्दाम केलंय असं मला वाटतं, आणि ते मला पटलं नाही.

अंत्रुजकर, तुमच्या बाबांना हेरकथा आवडतात आणि मुलाला थिएटरात सोडणार नाहीत, तर तिघांनी घरी बसून 'द सी वुल्व्ह्स' बघा. १९८० चा, ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि रॉजर मूर. मूर तेव्हा बाँडही करत होता. चित्रण इथलं, गोष्टही इथली. मुरगाव बंदरात १९३९ पासून एरेनफेल्स नावाचं जर्मन मालवाहू जहाज अडकून पडलेलं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ब्रिटिशांना उघडपणे हात लावता येईना. जहाजावरून बिनतारी यंत्राने पाणबुड्यांना खबरा जातात असा त्यांचा संशय. मग त्यांनी कोणाला पाठवलं? सैन्य नाही. कलकत्त्याचे, पोटं सुटलेले, क्लबात पेला घेऊन बसणारे व्यापारी, कंपन्यांचे साहेब. कलकत्ता लाइट हॉर्सचे हौशी घोडेस्वार. फीबी नावाचा एक रडतखडत चालणारा बार्ज कलकत्त्याहून भारताला वळसा घालून आणला, मंडळी आगगाडीने कोचीनला येऊन त्यात चढली आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री थेट मुरगावात. जर्मनांनी स्वतःच झडपा उघडून जहाज बुडवलं, बाकीची दोन जर्मन आणि एक इटालियनही गेली. या लोकांना ना पदक, ना पेपरात नाव. कित्येक वर्षं बायकांनाही सांगायची बंदी.

सिनेमा जुन्या धाटणीचा आहे, पेकचे इंग्रजी उच्चार ऐकून हसू येतं. पण त्यात म्हातारे आहेत, आणि म्हाताऱ्यांना दम लागतो. तो दम मला 'धुरंधर'च्या सगळ्या गोळ्यांपेक्षा खरा वाटला.

पात्रांव
दर्यावर्दींनी मुख्य गंमत सोडली. ती रात्र कुठली होती? दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाची सुरुवात. म्हणजे ९ तारीख कार्निव्हालचा शेवटचा दिवस! खलाशी बंदरावर उतरून कुठे असतील ते गोंयकाराला वेगळं सांगायला नको. ब्रिटिशांचे लोक त्या रात्री वास्कोत जर्मनांना पाजण्या-नाचवण्याची सोय करत होते असं सांगतात. कलकत्त्याच्या साहेबाला पंचांग कळलं, एवढं मी मान्य करतो.

म्हापशेकार
आणि 'द बोर्न सुप्रीमसी'? २००४ चा. सुरुवात गोव्यात, नेरूलच्या पुलावरून गाडी थेट नदीत. आजही तिथून जाताना मी खिडकीची काच खाली करतो.

शेवंती
पुरुषांनो, तुम्ही जहाजं आणि गाड्या बुडवत बसा. हेरकथेला गोळी लागतेच असं कोणी सांगितलं? 'राझी' बघा (२०१८, मेघना गुलजार). १९७१ चा काळ, एक मुलगी पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून जाते. तिचं सगळं काम स्वयंपाकघर, कपाट आणि न्हाणीघर एवढ्यात. मुलालाही दाखवता येईल.

आणि इथलीच गोष्ट हवी तर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवामुक्तीपर्यंत सरहद्दीजवळच्या जंगलात राहून त्यांनी गुप्त रेडिओ चालवला, 'गोंयचे सोडवणेचो आवाज', कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये. सहा वर्षं! साप, पाऊस, जळवा आणि रोज बातमीपत्र. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. यावर साडेतीन तासांचा सिनेमा कोणी काढला तर मी रात्रीचाही खेळ बघेन, बस नसली तरी.

पर्वरीवाला
धागा भरकटला. अंत्रुजकर, तिकीट काढलं का?

अंत्रुजकर
काढलं, जाऊन आलो, आजच. सगळ्यांचे आभार, क्रमाने सांगतो.

मुलाला नेलं नाही. तो दिवसभर रुसला होता. त्याला शनिवारी 'राझी' कबूल केलाय. सकाळचा खेळ, कडेची खुर्ची, दोन्ही सल्ले सोन्यासारखे. फेस्ताच्या फेरीच्या गर्दीमुळे जुन्या गोव्यात वीस मिनिटं गेली, तरी सुरुवात चुकली नाही.

छळाच्या प्रसंगाला बाबांनी चष्मा काढून हातात धरला आणि शांतपणे काच पुसली, तो संपेपर्यंत. मध्यंतराला माझ्याकडे वळून म्हणाले, "हें कितें रे, सोंपूंकच ना?" (हे काय रे, संपलंच नाही?) मला वाटलं कंटाळले. तर नाही, उठायला तयार नव्हते, चहा जागेवरच मागवला. अक्षय खन्नाबद्दल त्यांचं मत : आमच्या जत्रेच्या नाटकात खलनायक असाच यायचा, आधी मृदंग, मग सावली, मग माणूस.

लाल पडद्याच्या वेळी निशाताईंची आठवण झाली. आधी सांगितलं होतं तरी बाबांनी माझा हात धरला. काही बोलले नाहीत.

परत येताना त्यांना शेवंतीताईंच्या रेडिओबद्दल सांगितलं, तर म्हणाले, मला काय सांगतोस. ते तेव्हा आठ-दहा वर्षांचे. आजोबा रात्री माडीवर दिवा मालवून रेडिओ लावायचे, आवाज इतका बारीक की कान पेटीला टेकवावा लागे. बाबांचं काम खाली ओसरीवर बसून अभ्यासाचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त पोराचा घोका ऐकू यावा. पोलीस दिसला तर पाढ्यात मुद्दाम चूक करायची, सात साते पन्नास. ही गोष्ट मी एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकली. गाडी बाणस्तारीच्या पुलावर होती, मी वेग कमी केला.

दर्यावर्दी, तुमचा मुरगावचा सिनेमा कुठे मिळेल ते मला खाजगीत कळवा. बाबांना दाखवायचाय.

आणि एक नवाच प्रश्न उभा राहिलाय. दुसरा भाग १९ मार्च २०२६ ला येतोय, म्हणजे नेमका पाडव्याला. बायको म्हणते गुढी कोण उभारणार. बाबा म्हणतात गुढी सहा वाजता उभारू, सकाळचा खेळ साडेनऊचा आहे.