रेसिंगच्या म्युझियममध्ये अख्ख्या फॅमिलीला न्यायचं का?

कोथरूडकर_मन्या
मे महिन्यात बहिणीकडे लंडनला चाललोय, सोबत आई, बायको, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. तिथून लोकलने साधारण अर्ध्या तासावर वेब्रिजला ब्रुकलँड्स म्युझियम आहे, तिथे एक पूर्ण दिवस घालवू असं मी म्हणतोय आणि घरात दोन तट पडलेत. माझं म्हणणं, हे फक्त एफ-वनच्या (फॉर्म्युला वन मोटार रेसच्या) वेड्यांसाठी नाहीये. खास मोटारींच्या रेससाठी बांधलेला जगातला पहिला ट्रॅक हा, १९०७ चा. ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने स्वतःच्या जागेत स्वतःचा पैसा ओतून काँक्रीटमध्ये बांधला, कारण तेव्हा इंग्लंडात रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती, मग कंपन्यांनी गाड्या पळवून बघायच्या कुठे? वळणावर भिंतीसारखा चढत जाणारा तो ट्रॅक तुकड्यातुकड्याने अजून शिल्लक आहे. शिवाय आवारात काँकॉर्ड विमान आणि लंडनच्या जुन्या बसेस. ज्या पुण्याने पिढ्यानपिढ्या गाड्या बनवून पोट भरलं त्या पुण्यातल्या माणसाने हे बघायचं नाही तर कुणी बघायचं?

सदाशिव_पेठी
पाउंड खर्चून उभ्या गाड्या बघायच्या? रेसची गाडी पळतानाच बघावी. २०११ ला एफ-वनसाठी ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर होतो, व्ही-८ इंजिनं १८ हजार आरपीएमला किंचाळत समोरून गेली की तो आवाज कानात नाही छातीत बसतो. म्युझियममधली गाडी म्हणजे पेंढा भरलेला वाघ. २०२४ ला बालेवाडीत सुपरक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाइक रेस, झाली, तिथे पोरांना नेलं होतंत का?

कोथरूडकर_मन्या
अहो पण पळणारा वाघ आहे कुठे आता? एफ-वन २०१३ नंतर भारतात आलीच नाही, झाली ती तिन्ही वर्षं जर्मन ड्रायव्हर वेटेल जिंकला आणि पुढे करमणूक कराच्या भांडणात सगळं बसलं. आणि ब्रुकलँड्सची नेपियर-रेल्टन ही जुनी रेसची गाडी चालू स्थितीत आहे, खास दिवशी बाहेर काढतात.

औंधची_मंजिरी
बायकोच्या बाजूने बोलते. युरोपातल्या एका नावाजलेल्या रेसिंग म्युझियममध्ये आम्ही गेलेलो, नाव नाही घेत. प्रत्येक गाडीसमोर पाटी: इतके सीसी, इतके हॉर्सपॉवर, अमक्या साली अमक्याने जिंकली. नवरा हरखलेला, मुलं पहिल्या दालनानंतर मोबाईलवर, सासूबाई बसायला खुर्ची शोधतायत. याला फॅमिली ट्रिप म्हणत नाहीत हो, बाबांची ट्रिप म्हणतात, बाकीचे सामान सांभाळायला.

पिंपरी_टूलरूम_रिटायर्ड
मंजिरीताई, पाटीबद्दल शंभर टक्के मान्य. पण ब्रुकलँड्सला माणसांच्या गोष्टी भरपूर आहेत, फक्त नेणाऱ्याने आधी वाचून जावं. तिथे के पीटर नावाची बाई रेस करायची, उंची पाच फुटांपेक्षा कमी, पेडलला पाय पोचावा म्हणून ठोकळे लावून घेतलेले आणि गाडी कसली तर साडेदहा लिटरची व्ही-१२ डेलाज! १९३५ ला तिने ताशी १३४ मैलांच्या वर लॅप काढला, म्हणजे जवळजवळ २१७ किमी. नववीतल्या पोरीला हे सांगा आणि मग गाडी दाखवा. आणि वर उल्लेख झालेली नेपियर-रेल्टन, तिच्यात २४ लिटरचं विमानाचं इंजिन आहे, बारा सिलिंडर चार-चारच्या तीन रांगांत, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना!! मी आयुष्यभर जिग-फिक्श्चर केलेला माणूस, मला आजही कळत नाही ती पळवायचं तिच्या ड्रायव्हरचं, जॉन कॉबचं, धाडस कसं झालं. १९३५ लाच त्याने ताशी १४३.४४ मैलांचा लॅप मारला, तो रेकॉर्ड कायमचा राहिला कारण १९३९ ला युद्ध लागलं आणि ट्रॅकच बंद पडला.

हेल्मेट_घाला_रे
हेच खुपतं मला. रेकॉर्ड, रेकॉर्ड. पर्सी लँबर्टने १९१३ च्या फेब्रुवारीत याच ट्रॅकवर एका तासात १०० मैल कापले, असं करणारा पहिला माणूस, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथेच टायर फुटून गेला. आपल्याकडे सतरा वर्षांची पोरं रात्री गाड्या उडवतात आणि तुम्ही पाचवीतल्या मुलाला वेगाचं देऊळ दाखवायला नेताय.

पिंपरी_टूलरूम_रिटायर्ड
मग लँबर्टचं पण सांगा की मुलाला, लपवायचं कशाला? १९५५ ला फ्रान्समधल्या ल मांच्या रेसमध्ये गाडी प्रेक्षकांत घुसली, ८० च्या वर माणसं गेली, स्वित्झर्लंडने सर्किट रेसिंगवरच बंदी घातली. आणि दुसऱ्या टोकाला २०२० ची बहारीनची एफ-वन रेस, ग्रोजाँ नावाच्या ड्रायव्हरची गाडी दुभंगून पेटली आणि हा बाबा हात भाजून का होईना पण चालत बाहेर आला, डोक्यावर २०१८ पासून सक्तीचा झालेला हॅलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची धातूची संरक्षक कमान, होता म्हणून. तो हॅलो सुरुवातीला कित्येकांना नको होता, कुरूप दिसतो म्हणून. केस विस्कटतात म्हणून हेल्मेट न घालणारे पुणेकर आठवले ना?

भोसरीचा_गाडामालक
आमच्या घाटात बैलगाडा शर्यतीला या, फुकट. बारी काही सेकंदांत संपते, आजी कंटाळत नाही, कोर्टाने २०२३ ला परवानगी पण पक्की केलीय 😄 ते गोऱ्यांचं बघून आपल्याला काय?

कोथरूडकर_मन्या
दादा घाटात येतोच. पण आपलं काहीच नाही असं नाही हां. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या, कोइम्बतूरचे करिवर्धन स्वतः रेसच्या गाड्या बनवायचे, त्यांच्याच नावाने तिथे ट्रॅक आहे आणि त्याच गावचा नारायण कार्तिकेयन २००५ ला एफ-वनला पोचला.

औंधची_मंजिरी
सगळे पुरुष इंजिन मोजताय. त्या मुलीला आणि आजीला विचारलंय का कुणी?

कोथरूडकर_मन्या
आईला विचारलं. काँकॉर्ड बघीन म्हणाली, पण गाड्यांच्या वेळी मी बाकड्यावर. मुलीला आत्ता के पीटरचं सांगितलं, तिने तिचा फोटो शोधला आणि म्हणाली, बाबा मला ॲक्टिव्हा कधी देणार.

हेल्मेट_घाला_रे
बघा.