नळाला स्टार पाहिजेत का? सक्ती करावी का?

मुठेकाठी:
फ्रिज, एसी घेताना आपण स्टार मोजतो ना, मग नळ घेताना का नाही? बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, २०२१ सालीच आयएस १७६५० हे मानक काढलंय, नळ, शॉवर, कमोड सगळ्यांना पाणी किती लागतं त्यावरून स्टार, पुढच्या वर्षी केंद्रानं कमी पाण्याच्या नळांसाठी ‘भारत टॅप’ही आणलं. पण पेठेतल्या सॅनिटरीवाल्याला विचारा, तो फिनिशिंग दाखवेल, चकाकी दाखवेल, स्टारचं नाव नाही. माझं मत सरळ आहे, सक्ती करा. नव्या फ्लॅटमधले नळ आपण निवडतच नाही, बिल्डर निवडतो, आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे मेंटेनन्समधून आपण भरतो.

तिसरा मजला, सदाशिव:
अहो पण बादली १५ लिटरची, ती १५ लिटरच पाणी घेणार! नळ मिनिटाला १० लिटर सोडो नाहीतर ३, फरक एवढाच की दीड मिनिटाच्या जागी पाच मिनिटं ताटकळायचं. पुण्यात अर्धी जनता बादलीनंच अंघोळ करते, शॉवर शोभेला. आणि आमची टाकी आमच्याच डोक्यावर, मधे जेमतेम १० फूट, म्हणजे प्रेशर ०.३ बार, तिथे आधीच करंगळीएवढी धार, त्यात अजून नळाच्या तोंडाला पाणी कमी सोडणारी जाळी बसवा म्हणजे झालंच.

मुठेकाठी:
बादलीच्या नळाला लावा असं कोण म्हणतंय? बेसिन आणि सिंकचं बोलतोय, जिथे पाणी नुसतं वाहून जातं. आणि खरा खेळ फ्लशचा आहे. जुनी टाकी एका दाबात १० लिटर ओतते. घरात चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा धरा, २०० लिटर गेले. ड्युअल फ्लशमध्ये मोठं बटण ६, छोटं ३, चार वेळा मोठं आणि सोळा वेळा छोटं म्हटलं तर ७२. रोजचे १२८ वाचले, आणि शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष आहे. जवळपास एका माणसाचं पाणी झालं की हो.

सोसायटीची सेक्रेटरी:
फ्लशचं पटलं, जाळीचं नाही. आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी, जाळीवर पांढरा थर बसतो, धार वाकडी उडते, शर्ट भिजतो. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की साफ होते, पण करतंय कोण? प्लंबर येतो, जाळी काढून खिडकीत ठेवतो आणि म्हणतो, “मॅडम, आता बघा प्रेशर!” झाले तुमचे तीन स्टार. बरं, घरोघरी मीटर नाही, पाण्याचे पैसे प्रॉपर्टी टॅक्समधून जातात, मग वाचवलं तरी खिशाला कळतच नाही.

मुलगी न्यू जर्सीत:
अमेरिकेत हे झालंय. १९९२ चा कायदा, कमोडला ६ लिटरची मर्यादा, शॉवरला मिनिटाला साडेनऊ. सुरुवातीचे कमोड इतके भिकार की दोनदा फ्लश करावं लागायचं, लोक कॅनडातून जुने मोठे आणायचे. शॉवरवरून तर २०२५ मध्ये ट्रम्पनी आदेशच काढला, प्रेशर येत नाही म्हणून. आपल्याकडे तीच गंमत होणार.

मुठेकाठी:
काका, गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो घोळ सुरुवातीच्या मॉडेलचा होता, नंतर कंपन्यांनी डिझाइन बदललं आणि आता तिकडे ५ लिटरच्या आतले कमोडही नीट चालतात. नियमच नसता तर कुणी कशाला बदललं असतं?

तिसरा मजला, सदाशिव:
आधी रस्त्याखालच्या गळक्या लाइनी बघा राव, मग आमच्या बेसिनकडे या. आणि जुन्या वाड्यांतल्या, चाळींतल्या आडव्या ड्रेनेज लाइनला उतार धड नसतो, ३ लिटरनं मैला पुढे सरकणार आहे का?

सोसायटीची सेक्रेटरी:
जुन्यांना सोडा, नवीन बिल्डिंगला लावा. भोगवटा पत्र देताना फिटिंग तपासा.

तिसरा मजला, सदाशिव:
तपासतील की. साहेब येऊन गेले की दुसऱ्या दिवशी सगळे नळ बदललेले असतील.