प्रभावळकरांचा तात्या विंचू विसरू नका

अभिनेते दिलीप प्रभावळकरांच्या भूमिकांची चर्चा चाललीय, त्यात टीव्ही मालिकेतले आबा टिपरे आणि मुन्नाभाई सिनेमातले गांधीजी यावर सगळे भरभरून बोलतायत ते योग्यच आहे, पण त्यांच्या आवाजाबद्दल कुणीच काही म्हटलं नाही म्हणून लिहितोय. १९९३ च्या झपाटलेला सिनेमामध्ये तात्या विंचू हा गुंड आधी तेच आहेत आणि मग आत्मा बाहुल्यात शिरल्यावर त्या बाहुल्याचा आवाजही त्यांचाच. बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्येंचा बाहुला भारीच, पण बाहुल्याच्या चेहऱ्यावर हावभाव असून असून किती असणार, त्यामुळे भीती वाटते ती सगळी त्या खरखरीत, दात-ओठ खात बोलण्याने आणि मधेच होणाऱ्या चिडचिडीने. लहानपणी घाबरलेल्यांना विचारा!

आणि स्टेजवर हसवाफसवी हे नाटक, लिहिलेलं त्यांनीच आणि एकाच प्रयोगात सहा भूमिका. त्यातले म्हातारे कृष्णराव हेरंबकर आले की नुसता मेकअप नाही, श्वास, चाल, बोलण्यातला थकवा सगळंच बदलायचं. चौकट राजा सिनेमातला नंदू तर आहेच.

मला विचाराल तर २००६ च्या (मुन्नाभाईतल्या गांधीजींसारख्या) कामासाठी मिळालेलं नॅशनल अवॉर्ड फार उशिरा मिळालं, हा माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून त्या लेव्हलचं काम करत होता.