मोटरहोममागे जीप ओढायची, तर ब्रेक पेटीतला की कायमचा बसवलेला?

सावकाश_जाऊ

आमच्या व्याह्यांनी निवृत्तीनंतर मोटरहोम घेतलं. फोर्ड ई-४५० च्या चॅसीवरचं, ३१ फुटी, अगदी आमच्यासारखंच. आता त्यामागे जीप रँग्लर लावायची आहे, चारही चाकं रस्त्यावर ठेवून. दुकानदाराचं कोटेशन त्यांनी मला पाठवलं, खाली एकच ओळ: "यातलं काय गाळता येईल?" व्याह्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून इथे लिहितोय. धागा त्यांनाही दाखवीन.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत मोटरहोमवाले मुक्कामी पोचल्यावर फिरायला हाताशी असावी म्हणून छोटी गाडी मागे बांधून नेतात. बैलगाडीमागे कालवड बांधतात ना, तसंच. इथे त्या गाडीला 'टोड' म्हणतात, म्हणजे बेडूक. 'ओढलेली'साठीच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार तसाच होतो, त्यावरची कोटी. ही नुसती हौस नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे. ३१ फुटी घर घेऊन गेलात तर डोंगर खालूनच बघायचा.

कोटेशनमध्ये काय आहे: जीपच्या पुढच्या बंपरमागे चॅसीला बोल्टने बसणारी बेसप्लेट, तिला मोटरहोमच्या हिचशी, म्हणजे मागच्या ओढायच्या जोडाशी, जोडणारा टो बार, सेफ्टी केबल, दिव्यांची वायर, आणि आपण मोटरहोमचा ब्रेक दाबला की जीपचाही ब्रेक दाबणारी यंत्रणा. ही शेवटची भलती महाग, म्हणून व्याह्यांचा डोळा तिच्यावर. दुकानदार म्हणाला म्हणे, कायमची बसवायची नसेल तर पेटीवाली घ्या, मजुरी वाचेल.

माझं मत: गाळायचं तर बाकी काहीही गाळा, पेटी घेऊ नका.

आमच्याकडे दोन वर्षं पेटी होती. ती जीपच्या ड्रायव्हरच्या सीटसमोर, पाय ठेवतो तिथे ठेवायची. तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला चिमट्याने अडकवायचा, मग सीट पुढे सरकवून पेटीला मागून टेकू द्यायचा. वेग एकदम कमी झाला की आतल्या सेन्सरला कळतं आणि दांडा पेडल दाबतो. एकदा नेवाडात विनेमकाच्या अलीकडे रेस्ट एरियात थांबलो. बायको कुत्र्याला घेऊन मागच्या बाजूला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, काहीतरी करपलंय!" मला वाटलं, कुणी तरी मांस भाजत असेल. जीपच्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती, आणि रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, निळी झाक. सकाळी सीट एक खाच जास्त पुढे घेतली होती, एवढंच. पेडल किंचित दाबलेलं राहिलं आणि तसेच आम्ही किती मैल आलो देव जाणे. जवळजवळ चौदा हजार पौंडांच्या मोटरहोमला मागे काही रखडतंय याचा पत्ताही लागत नाही.

त्यानंतर सीटखाली कायमची बसवून घेतली. तिची केबल आतूनच पेडलला जोडलेली असते. वायर लावली की झालं.

तेव्हापासून सामान निवडताना मी एकच मोजतो: रोज सकाळी, चहाच्या आधी, किती गोष्टी न चुकता कराव्या लागतात.

नटबोल्ट

काका, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चूक पेटीची नव्हती.

नऊ वर्षं पेटी वापरतोय. आधी २०१४ ची होंडा सीआर-व्ही होती, आता रँग्लर आहे. गाडी बदलली तेव्हा बेसप्लेट नवी घ्यावीच लागली, कारण ती त्या-त्या मॉडेलची असते. पेटी मात्र उचलून नव्या गाडीत ठेवली. तुमची सीटखालची यंत्रणा जीप विकताना काढून घ्यायची तर मजुरी पुन्हा द्या, नाहीतर ती पुढच्या मालकाला आहेर.

आणि सकाळच्या गोष्टी मोजायच्याच तर नीट मोजा. माझ्या सीआर-व्हीला ओढण्याआधी इंजिन चालू करून गिअर सगळ्या जागांवरून फिरवायचा, 'डी'वर पाच सेकंद थांबायचं, मग 'एन'वर आणून इंजिन तीन मिनिटं चालू ठेवायचं, मग किल्ली मागे फिरवायची. दिवसभर ओढली तर आठ तासांनी पुन्हा तेच. हे सगळं होंडाच्याच पुस्तिकेत लिहिलेलं. मी कार्डावर उतरवून प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि स्टिअरिंगला लटकवलं. एकदाही चुकलो नाही. तुमच्या रँग्लरलाही ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक गिअर मात्र पार्कमध्ये ठेवावा लागतो. उलट केलं तर खेळ खलास. ते रोज न चुकता करताच ना? मग एक खाच सीटची काय मोठी?

उलटा प्रश्न विचारतो. सीटखालची यंत्रणा चालतेय हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? जे डोळ्यांसमोर नसतं ते चालूच आहे असं आपण धरून चालतो. पेटी निदान दिसते.

सावकाश_जाऊ

आहेराचा मुद्दा मान्य. पैसे जातात.

पण यंत्रणा चालतेय का ते दिसतं. मोटरहोमच्या डॅशवर छोटा दिवा आहे, जीपचं पेडल दाबलं गेलं की लागतो. सिग्नलला थांबताना लागला आणि मोकळ्या रस्त्यावर विझलेला असला की माझं समाधान. हा दिवा पेटीबरोबरही मिळतो, आम्ही तेव्हा पैसे वाचवले होते. (ही ओळ व्याह्यांसाठी.)

रानवारा

तुम्ही दोघं ब्रेकवर भांडताय, पण आमच्यासारख्यांचं काय? घरात ऑटोमॅटिक कॅमरी आहे. टोयोटाची पुस्तिका अशी गाडी चारही चाकांवर ओढू देत नाही; इंजिन बंद असताना चाकं फिरली तर गिअरबॉक्सला तेल पोचत नाही. थोरल्याची टेस्ला, ती तर चारही चाकं जमिनीवरून उचलूनच नेता येते. मग छंदासाठी चाळीस-पन्नास हजारांची जीप घ्यायची?

आम्ही जुनी टो डॉली घेतली, म्हणजे मागे जोडायचा छोटा दोनचाकी गाडा. पुढची दोन चाकं तिच्यावर चढवायची, मागची रस्त्यावर. बेसप्लेट नको, गाडीला भोक नको, ब्रेक डॉलीचा स्वतःचा. धाग्याचा प्रश्नच मिटतो.

आता खरं सांगते, म्हणजे कुणाला फसवल्यासारखं नको. ओरेगनच्या किनाऱ्यावर पावसात, अंधारात, चिखलात उताणी झोपून मी चाकांचे पट्टे आवळलेत. पट्टा ओला झाला की रॅचेटमध्ये घसरतो. नवरा टॉर्च धरून उभा, आणि टॉर्च नेमका माझ्या डोळ्यांत. मुक्कामी पोचल्यावर डॉली ठेवायची कुठे हा वेगळा वैताग, काही जागांवर ती शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. तरीही मी डॉलीवालीच. आहे ती गाडी नेता येते हे मला मोठं वाटतं.

हिशेबनीस

इतकं करण्यापेक्षा पोचल्यावर गाडी भाड्याने घ्या की! वर्षातून दोन फेऱ्या होतात, त्याच्यासाठी बेसप्लेट आणि पेटी आणि डॉली. डिझेलचा हिशेब तर कुणी काढलेलाच नाही.

रानवारा

ग्लेशियरला गाडी भाड्याने घ्यायची म्हणजे कॅलिस्पेलच्या विमानतळापर्यंत जा. कशाने जाल? मोटरहोमने. :)

डबलडिक्लच

आमचं ४० फुटी डिझेल, एअर ब्रेकवालं. मी सावकाश काकांच्या बाजूने, पण "बाकी काहीही गाळा" या वाक्याला कडाडून विरोध. व्याही ते वाचून स्वस्तातला टो बार घेतील.

जुन्या किंवा स्वस्त टो बारच्या पायांना, म्हणजे त्याच्या दोन दांड्यांना, ताण आला की खटका सुटत नाही. गेल्या वर्षी युटामध्ये एका पेट्रोल पंपावर चुकीच्या रांगेत शिरलो. समोर भिंत, मागे जीप. जीप मागे असताना रिव्हर्स घेता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे एकदा घेतातच. जीपची पुढची चाकं वाट्टेल तिकडे वळतात आणि बारचे पाय वाकतात. म्हणून जीप सोडवायची, तर तेव्हा जुना बार होता आणि दोन्ही गाड्या तिरक्या उभ्या. खटका हलेना. मी लाकडी ठोकळा आणि हातोडा घेऊन बसलो, मागे चार गाड्यांची रांग, एक म्हातारा खाली उतरून सल्ले देतोय. शेवटी बायकोने जीपमध्ये बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे जोरात हलवलं, तेव्हा कुठे ताण सुटला. घरी आल्यावर पहिलं काम, लांब दांड्याच्या खटक्याचा बार घेतला, तिरक्या जागेतही सुटणारा. रोडमास्टर, ब्लू ऑक्स, डेमको, तिघांकडेही तसे आहेत.

दुसरं, वजन. टो बार दहा हजार पौंडांचा घेतला म्हणून दहा हजार ओढता येत नाहीत. साखळीत सगळ्यात कच्ची कडी असते तेवढीच ताकद. ई-४५० वर घर बांधणाऱ्याने चॅसीची चौकट मागे वाढवलेली असते आणि हिच त्या वाढवलेल्या भागावर. हिचवरचं स्टिकर वाचा. काका, तुमचं किती आहे?

सावकाश_जाऊ

पाच हजार पौंड. ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर सगळं भरून वजन केलं: मोटरहोम १३,९००, जीप ४,३००. ई-४५० ला दोन्ही मिळून २२,००० पर्यंत चालतं, तिथे मोकळीक आहे. हिचवर मात्र सातशेच पौंड उरतात. म्हणून बायकोच्या लोणच्याच्या बरण्या जीपमध्ये ठेवू देत नाही.

टो बारचं माझं वाक्य मागे घेतो. "काहीही गाळा" हे रागात लिहिलं.

डबलडिक्लच

:) आणि टो बार आडवा, जमिनीला समांतर हवा. हिच आणि बेसप्लेट यांच्या उंचीत तीन इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर उंची जुळवणारा अडॅप्टर घ्या. कोटेशनमध्ये तो नसतो, कारण दुकानदार मोजतच नाही. ब्रेक गाळणाऱ्यांसाठी: १,५०० पौंडांवरचं काहीही ओढायचं तर त्याला स्वतंत्र ब्रेक हवा, असं फोर्डचंच टोइंग मार्गदर्शक सांगतं. राज्याराज्यांचे कायदे वेगळे असतील, चॅसी तीच आहे.

कोथरूडकर

मी मुलीकडे डेन्व्हरला आलोय, म्हणून हा धागा वाचला. मोटरहोम वगैरे आपल्याला काही नको. पण एक विचारू का? आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोराने गॅरेजपर्यंत ओढतात तेव्हा मागच्या गाडीत एक माणूस बसतो. ब्रेक तो मारतो. आमचा एक मित्र त्यात वाकबगार होता, दोर कधी ढिला पडू द्यायचा नाही. इथे मागच्या गाडीत माणूसच नाही, आणि तुम्ही त्या माणसाची जागा भरायला एवढे डॉलर मोजताय?

नटबोल्ट

नेमकं बोललात! पेटी म्हणजे तो माणूस. काकांनी त्याला सीटवर नीट बसवलं नाही.

सावकाश_जाऊ

माझा माणूस पेडलवर पाय ठेवून झोपला होता.

गावठी_गिअर

तिसरा पर्याय कुणीच काढला नाही. रेडीब्रूटसारख्या टो बारमध्ये ब्रेक बारातच असतो. मोटरहोम हळू झालं की मागची गाडी पुढे ढकलते, त्या ढकलण्यानेच केबल ओढली जाते आणि पेडल दबतं. सेन्सर नाही, वीज नाही, बॅटरी उतरायची भीती नाही. आम्ही रॉकीजमध्ये आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला उतरताना वापरलंय. एक तोटा: लांबच्या उतारावर तुम्ही नुसत्या इंजिनच्या जोरावर वेग धरून उतरत असलात तरी मागची गाडी ढकलतच असते, म्हणजे तिचे ब्रेक हलके लागलेले राहतात. घाटात अधूनमधून थांबून चाकाला हात लावून बघायचा.

डबलडिक्लच

हा तोटा छोटा नाही हो. हातच लावायचा तर काकांनी विनेमकाला लावलाच होता. माझ्याकडे एअर ब्रेक असल्याने मोटरहोमच्याच हवेवर जीपचं पेडल दबतं, मी जितकं दाबीन तितकंच. ई-४५० ला ते नाही, तिथे सीटखालचीच बरी.

नटबोल्ट

म्हणजे दोन मतं सीटखालच्याला, एक बाराला, एक डॉलीला, एक भाड्याच्या गाडीला. पेटीला मी एकटा. चालेल. ब्रेकअवेबद्दल तरी आपण भांडत नाही ना? गाडी सुटली तर तिचा ब्रेक आपोआप लावणारी ती बारीक केबल मोटरहोमलाच अडकवायची, टो बारला नाही. बारच तुटून गाडीबरोबर गेला तर केबल ओढणार कोण?

रानवारा

अनुमोदन. डॉलीलाही तसंच.

नटबोल्ट

काका, ती जुनी पेटी अजून आहे का? भाच्याने सीआर-व्ही घेतलीये. योग्य भाव देईन.

सावकाश_जाऊ

गॅरेजमध्ये पडलीये. भाव नको, रविवारी या आणि घेऊन जा. भाच्याला सोबत आणा, आणि त्याच्यासमोरच मला दाखवा सीट कुठल्या खाचेवर ठेवायची ते. मी अजून त्या एका खाचेवर अडकलोय.