शब्दचर्चा: भाडेकरू, लायसन्सी आणि ‘ताबा’

प्रश्न: आजवर राहतं असलेलं पहिलं घर आता भाड्याने द्यायचं आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात ‘भाडेकरू’ कुठेच नाही, सगळीकडे ‘लायसन्सी’. मराठी करारात सरळ ‘भाडेकरू’ लिहिलं तर काय बिघडतं? आणि सोसायटीच्या पत्रातलं ‘बिनभोगवटा शुल्क’ म्हणजे काय?

प्रतिसाद 1: बोलताना खुशाल भाडेकरू म्हणा, कागदावर नको. भाडेपट्ट्यात जागेतला हक्कच मुदतीपुरता दुसऱ्याकडे जातो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, म्हणून काही जण ‘परवानाधारक’ लिहितात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि पुढच्या काळासाठी लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मिळते. लेखी लायसन्स करारात जे नमूद असेल तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा, असंही तिथेच म्हटलं आहे. म्हणजे ‘भाडेकरूस जागेचा ताबा दिला’ असं लिहून ठेवलंत की पुढच्या वादाला आयतं खाद्य. त्याऐवजी ‘लायसन्सीस जागा वापरण्याची परवानगी दिली, कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील’ असं लिहा. ‘भाडे’च्या जागी ‘लायसन्स शुल्क’.

प्रतिसाद 2: गोंधळात सरकारी छापील नमुन्याचाही वाटा आहे. नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्र. 2 मध्ये (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) विलेखाचा, म्हणजे दस्ताचा, प्रकार ‘36-अ-लिव्ह अँड लायसन्सेस’ असतो, आणि खाली बाजारभावाच्या रकान्यात ‘भाडेपट्ट्याच्या बाबतीत पट्टाकार आकारणी देतो की पट्टेदार ते नमूद करावे’. पट्टाकार म्हणजे देणारा, पट्टेदार म्हणजे घेणारा. ती ओळ प्रत्येक दस्ताला छापलेली असते, ती वाचून आपला करार भाडेपट्टा झाला असं समजू नये.

‘अकरा महिन्यांचा करार’ हाही असाच फसवा शब्दप्रयोग. वर्षाच्या आतला म्हणून नोंदणी नको, हा समज इथे चालत नाही. त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

प्रतिसाद 3: ‘अनामत’ जपून वापरा. अनामत म्हणजे परत करायची रक्कम. ‘ना-परतावा अनामत’ हा वदतोव्याघात, तरी मसुद्यांत दिसतो. मुद्रांक शुल्कातही फरक पडतो: मुदतीचं एकूण लायसन्स शुल्क, अधिक परत करायच्या अनामतीचे दरसाल 10 टक्के, अधिक परत न करायची रक्कम पूर्ण, या बेरजेवर 0.25 टक्के. समजा, 24 महिने, दरमहा 19,000, अनामत 1,20,000. म्हणजे 4,56,000 अधिक 24,000, एकूण 4,80,000, मुद्रांक 1,200 रुपये. नोंदणी फी वेगळी.

अनामतीवरून भांडण होतं ते बहुतेकदा ‘सुस्थितीत’ या शब्दापायी. तो काहीच सांगत नाही. परिशिष्टात ‘पंखे 3, चालू, बैठकीतल्या पंख्याच्या एका पात्याला पोचा, वीजमीटर वाचन अमुक’ असं लिहा, फोटो जोडा. ‘वापराने होणारी झीज’ आणि ‘नुकसान’ हेही वेगळे मांडा: भिंतीचा रंग विटणं ही झीज, बेसिनला तडा हे नुकसान.

प्रतिसाद 1: बिनभोगवटा शुल्क: भोगवटा म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. सभासद स्वतः राहत नाही आणि जागा दुसऱ्याला दिली आहे, म्हणून सोसायटी लावते ते. कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या 10 टक्के. पूर्ण मासिक बिलाच्या नव्हे, आणि मिळणाऱ्या भाड्याच्या तर नव्हेच. बिलात सेवाशुल्क 1,500 असेल तर जास्तीत जास्त 150. मालमत्ता कर त्यात धरत नाहीत. बिलावर ‘देखभाल’ अशी एकच ठोक रक्कम असेल तर आधी तपशील मागा.

प्रतिसाद 4: ‘भाडोत्री’ मात्र माणसासाठी नको. जुन्या वापरात तो भाडेकरूच, पण आता कानाला गुंडच आठवतात. ‘बिऱ्हाडकरू’ गोड आहे. करारात कुणी घेणार नाही, एवढंच.