मदत हवी आहे: ओलिसांच्या सुटकेबद्दल ज्यू धर्मशास्त्र

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने २५१ जणांना ओलीस नेलं, तेव्हापासून इस्रायलमध्ये पॅलेस्टिनी कैदी सोडून ओलीस आणावेत का यावर रब्बींमध्ये (ज्यू धर्मगुरूंमध्ये) जो वाद झाला तो मला नीट समजून घ्यायचाय. मायमोनिडीस (बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित) म्हणतो बंदिवानांना सोडवण्याएवढं मोठं धर्मकर्तव्य नाही, पण मिश्ना या जुन्या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातल्या गित्तीन भागात (४:६) सांगितलंय की बंदिवानाच्या 'किमतीपेक्षा' जास्त देऊन सोडवू नका, आणि तालमूद (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) त्यामागे दोन कारणं देतं, समाजावर बोजा पडेल किंवा अपहरण करणाऱ्यांना चटक लागेल. जर्मनीतल्या रोथेनबर्गचे मोठे रब्बी मेईर १२८६ मध्ये पकडले गेले आणि खंडणी नाकारून १२९३ ला कैदेतच वारले असं सांगतात, हे वाचून खरंच सुन्न व्हायला होतं. उलट १९७६ ला युगांडातल्या एन्टेबीला अपहृत विमानातले प्रवासी ओलीस होते, तेव्हा इस्रायलचे रब्बी ओवादिया योसेफ अदलाबदलीच्या बाजूने होते. २०११ ला हमासच्या ताब्यातल्या गिलाद शालित या इस्रायली सैनिकासाठी १,०२७ कैदी सोडले, त्यात पुढे ७ ऑक्टोबरचा हल्ला आखणारा हमासचा नेता सिनवारही होता, म्हणून आता प्रश्न जास्तच टोकदार झालाय.

सेफारियावर (ज्यू ग्रंथांची ऑनलाइन लायब्ररी) मूळ उतारे इंग्रजीतून वाचून झालेत, बातम्याही पाहिल्या, पण त्यात सगळं राजकारणच. हिब्रू येत नाही, मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. युद्ध बरोबर की चूक ही चर्चा प्लीज इथे नको.

ओलिसाचा जीव आत्ता धोक्यात असेल तर मिश्नाची मर्यादा लागू होत नाही असं काही जुने भाष्यकार मानतात, मग सुटलेले कैदी पुढे कोणाला मारतील ही शक्यता त्यासमोर कशी तोलायची, यावर २०२३ नंतर दोन्ही बाजूंच्या कोणत्या रब्बींनी सविस्तर लिहिलंय?