लेस्ली क्लॉडियस यांची आठवण कशासाठी काढायची?

गोदाकाठ:
२९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, नाशिकच्या शाळांतून क्रीडा दिनाची भाषणं होतात. १९३६ चं बर्लिन ऑलिंपिक, हॉकीत जर्मनीवरचा ८-१ विजय. ते सांगायलाच हवं. पण मुलांना हॉकीपटू लेस्ली क्लॉडियसही कळावेत असं मला मनापासून वाटतं, आणि तेही मुख्यतः त्यांच्या स्वच्छ खेळासाठी. १९२७ साली बिलासपूरला अँग्लो-इंडियन घरात जन्म. आधी फुटबॉल, मग खरगपूरला रेल्वेवाल्यांच्या संगतीत हॉकी हाती आली. ऑलिंपिकमध्ये १९४८, १९५२, १९५६ ला सुवर्ण, १९६० ला कर्णधार म्हणून रौप्य. १०० आंतरराष्ट्रीय सामने गाठणारे पहिले हॉकीपटू. खेळायचे राइट हाफला, म्हणजे मधल्या फळीत उजव्या बाजूला. समोरचा फॉरवर्ड वेगाने अंगावर येतो, तिथे पायात स्टिक घालून त्याला पाडणं सर्वात सोपं. क्लॉडियस त्याची चाल आधी ओळखत आणि चेंडू अलगद काढून घेत. हे कसब आणि ही नीतिमत्ता वेगळी काढताच येत नाही.

सिडकोकर:
असहमत. 'सभ्य खेळाडू' हे बिरुद आपल्याकडे बहुतेक वेळा गप्प बसणाऱ्याला मिळतं. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले बघा. ४ ऑलिंपिक, ४ विश्वचषक. त्याच्या कर्णधारपदाखाली १९९८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण आलं, ते १९६६ नंतर पहिल्यांदा. आणि लगेच खेळाडूंच्या पैशांवरून वाद होऊन धनराजसह कितीतरी ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर! तो बोलला म्हणून 'तापट' ठरला. उद्या मुलांना सांगाल, क्लॉडियससारखे व्हा. मुलं त्याचा अर्थ घेतील, अन्याय झाला तरी तोंड उघडू नका. महाराष्ट्रातल्या मुलांना धनराज आधी सांगा.

गोदाकाठ:
धनराजबद्दलचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण संघटनेशी भांडणं आणि मैदानावर प्रतिस्पर्ध्याशी सरळ वागणं, या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. मी दुसरीबद्दल बोलतोय. हक्काचे पैसे मागणारा खेळाडू असभ्य, असं मी कधीच म्हणणार नाही.

पंचवटीकर:
मला हा सगळा वादच पोकळ वाटतो. ३ सुवर्ण आणि १ रौप्य. भारतीय हॉकीत ही कमाई उधमसिंग आणि क्लॉडियस या दोघांचीच. एवढं पुरेसं आहे. सभ्यपणा मोजता येत नाही, त्यामुळे ज्याला जो आवडतो तो त्याला सभ्य दिसतो. पदक कोणी नाकारू शकत नाही.

देवळाली कॅम्प:
पंचवटीकर, पदकांवरच जायचं तर १९६० चं काय करणार? आमच्या कॅम्पात लष्करामुळे हॉकी जुनी, त्यामुळे हा विषय मला जवळचा. १९२८ पासून सलग ६ सुवर्णं होती. रोमला अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या नसीर बुंदांनी सुरुवातीलाच गोल केला, तो फिटलाच नाही. ०-१. ऑलिंपिक हॉकीतला भारताचा पहिला पराभव, आणि कर्णधार क्लॉडियस. नुसता हिशेब ठेवला तर हा माणूस परंपरा गमावणारा कर्णधार ठरतो. तरीही १९७१ ला पद्मश्री मिळाली. २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी लंडनच्या मेट्रोच्या खास नकाशात एका स्थानकाला त्यांचं नाव दिलं होतं. त्याच वर्षी २० डिसेंबरला ते कोलकात्यात गेले. माणसं त्यांना नुसत्या तक्त्यावरून ओळखत नव्हती.

पंचवटीकर:
स्थानकाला नाव ३ सुवर्णांमुळेच मिळालं. पदकाविना सभ्य असलेले कितीजण विस्मरणात गेले, त्यांचं काय?

गोदाकाठ:
त्यांची आठवण कोणी ठेवत नाही, हेच तर मला खटकतं. पदकामुळे निदान क्लॉडियसचं नाव तरी टिकलं, मग ते घेताना त्यांच्या खेळाची रीतही सांगू या. शाळेच्या संघातल्या राइट हाफला पदकांची यादी देऊन काय उपयोग? त्याला समोरच्याला न पाडता चेंडू कसा काढायचा हे दाखवायला हवं.

सिडकोकर:
एवढ्यापुरतं सहमत. पण माझा आग्रह कायम आहे. भाषणात धनराज येणार असेल तर बँकॉकनंतरचा वाद वगळायचा नाही. आणि क्लॉडियस येणार असतील तर रोमचा ०-१ सुद्धा.

देवळाली कॅम्प:
रोम तर आधी सांगा. सलग जिंकत आलेल्या संघाचा कर्णधार हरतो तेव्हा काय होतं, हे मुलांना विचारायला मिळेल. सोबत जुनी चित्रफीत मिळाली तर मी आणतो.